कार्व्हरच्या शेतकऱ्यांची जमीन कुठे गेली?

प्रश्न : आमच्या वाचनकट्ट्यावर नुकतंच वीणा गवाणकर यांचं 'एक होता कार्व्हर' वाचून झालं. आम्ही बहुतेकांनी ते शाळेत असताना वाचलेलं. तेव्हा भुईमूग, रताळं आणि प्रयोगशाळा एवढंच लक्षात राहिलं होतं. या वेळी मनात आलं, की कार्व्हर ज्यांच्या शेतांत जाऊन शिकवत होते त्या काळ्या शेतकऱ्यांचं पुढे काय झालं? एका सभासदाचा मुलगा अमेरिकेत असतो. तो म्हणाला, आता तिथे कृष्णवर्णीय शेतकरी शोधावा लागतो. हे खरं आहे का? त्यावरून कट्ट्यावर इतके प्रश्न निघाले, की सगळे एकत्रच पाठवतो आहोत.
(एक वाचनकट्टा, बार्शी)

उत्तर : तुमच्या सभासदाच्या मुलाने सांगितलं ते खरं आहे.

कृष्णवर्णीय कृषिशास्त्रज्ञ कार्व्हर १८९६ मध्ये अलाबामा राज्यातल्या टस्कीगीच्या संस्थेत शिकवायला आले. १९०६ मध्ये तिथून 'जेसप वॅगन' नावाची गाडी निघाली. नांगर, बियाणं, लोणी काढायचं यंत्र असं सगळं लादून ही फिरती शाळा गावोगाव जायची. त्या काळात कृष्णवर्णीयांच्या हाती असलेली जमीन वाढत होती. १९१० च्या सुमारास त्यांच्या मालकीची शेतजमीन सुमारे दीड कोटी एकरांवर गेली होती. १९२० च्या गणनेत सुमारे ९ लाख २५ हजार काळे शेतकरी नोंदले गेले. म्हणजे देशातला साधारण दर सातवा शेतकरी कृष्णवर्णीय होता. त्यातले पाऊण हिस्सा लोक दुसऱ्याची जमीन वाट्याने किंवा खंडाने कसत होते, पण २ लाखांहून अधिक जण स्वतःच्या जमिनीचे मालक होते.

१९९७ च्या गणनेत उरली सुमारे साडेअठरा हजार शेतं.

यावर लगेच कुणी म्हणेल, शेती सगळ्यांचीच आटली. ट्रॅक्टर आले, कापूस वेचणारी यंत्रं आली, मुलं शहरांत गेली. ते बरोबरच आहे. अमेरिकेतल्या एकूण शेतांची संख्याही त्या काळात ६४ लाखांवरून २० लाखांच्या आसपास आली. पण एकीकडे दोनतृतीयांश घट आणि दुसरीकडे जवळजवळ ९८ टक्के, हा फरक यंत्रांनी समजावून सांगता येत नाही. त्याची कारणं तुमच्या पुढच्या प्रश्नांत आहेत.

प्रश्न : गुलामगिरी संपल्यावर प्रत्येक कुटुंबाला चाळीस एकर आणि एक खेचर मिळालं होतं ना? (एक शिक्षिका)

उत्तर : काहींना जमीन मिळाली, पण ती वर्षभरही टिकली नाही.

यादवी युद्ध संपत आलं असताना, जानेवारी १८६५ मध्ये, जनरल विल्यम शर्मन यांनी जॉर्जियातल्या सव्हाना शहरात वीस कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांना बोलावून घेतलं. तुम्हाला काय हवं, असं विचारलं. त्यांच्या वतीने गॅरिसन फ्रेझर यांनी उत्तर दिलं. त्याचा सारांश असा, की आम्हाला जमीन द्या, ती आम्ही आमच्या कष्टाने कसू. चार दिवसांनी, १६ जानेवारीला, शर्मन यांचा पंधरा क्रमांकाचा आदेश निघाला. साउथ कॅरोलायना, जॉर्जिया आणि फ्लोरिडाच्या किनारपट्टीवरची सुमारे ४ लाख एकर जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांसाठी राखली गेली. एका कुटुंबाला जास्तीत जास्त ४० एकर. खेचराचा उल्लेख आदेशात नव्हता. सैन्याने आपली काही जनावरं पुढे लोकांना दिली, म्हणून ते खेचर म्हणीत येऊन बसलं. सुमारे ४० हजार लोक त्या जमिनींवर राहायला गेले.

एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष लिंकन यांची हत्या झाली. त्यांच्या जागी आलेल्या अँड्र्यू जॉन्सन यांनी बंडखोर जमीनमालकांना माफी देऊन जमिनी परत करायला सुरुवात केली. ऑक्टोबरमध्ये, मुक्त गुलामांसाठीच्या सरकारी खात्याचे प्रमुख जनरल हॉवर्ड यांच्यावर साउथ कॅरोलायनातल्या एडिस्टो बेटावरच्या लोकांना हे सांगायची वेळ आली. चर्च गच्च भरलं होतं. निर्णय ऐकताच लोकांनी एकच गलका केला. मग तिथल्याच लोकांनी तिघांची समिती नेमली आणि राष्ट्राध्यक्षांना अर्ज लिहिला. युद्धात आम्ही सरकारच्या बाजूने राहिलो आणि जमीन मात्र सरकारविरुद्ध लढलेल्यांना मिळते आहे, अशी त्यांची तक्रार होती. उपयोग झाला नाही. बहुतेकांना जुन्याच मालकांकडे करारावर राबावं लागलं.

प्रश्न : मग दीड कोटी एकर आले कुठून? आणि गेले ते दांडगाईने हिसकावले का? (महाविद्यालयातला एक विद्यार्थी)

उत्तर : आले ते विकत घेऊन. पाच एकर, दहा एकर, पुन्हा पाच एकर, असे तुकडे जोडत. दक्षिणेत वाट्याने जमीन कसायची पद्धत होती. बियाणं, खत, घरातलं पीठ-मीठ मालकाच्या दुकानातून उधारीवर घ्यायचं, पिकाचा अर्धा भाग मालकाला द्यायचा आणि सालअखेर हिशेबाला बसायचं. वही मालकाची, भावही मालकाचाच. बऱ्याचदा वर्षभर राबून वाटेकऱ्याच्याच नावावर बाकी निघे. त्यातूनही पै-पै साठवून, चर्चच्या मंडळांकडून, भावकीकडून उसने घेऊन हे लोक जमीन घेत. मिळे तीही पुष्कळदा पाणथळ किंवा मुरमाड, गोऱ्या मालकाला नको असलेली.

दांडगाईही झाली. साउथ कॅरोलायनाच्या ॲबव्हिलमधले अँथनी क्रॉफर्ड हे ४२७ एकरांचे कापूस-बागायतदार होते. ऑक्टोबर १९१६ मध्ये सरकीच्या भावावरून एका गोऱ्या दुकानदाराशी त्यांची बाचाबाची झाली. जमावाने त्यांना ठार मारलं आणि पाठोपाठ त्यांच्या कुटुंबाला काउंटी, म्हणजे जिल्हा, सोडून जायला फर्मावलं. असोसिएटेड प्रेसने २००१ मध्ये जुनी कागदपत्रं धुंडाळून जमीन बळकावल्याची १०७ प्रकरणं उजेडात आणली. त्यात ४०६ मालकांची २४ हजारांहून अधिक एकर जमीन गेली होती. निम्म्याहून जास्त प्रकरणांत हिंसा झाली होती.

पण हे आकडे दीड कोटींशेजारी मांडून पाहा. रक्त सांडून गेलेली जमीन लक्षात राहते. त्याहून कितीतरी जास्त जमीन दिवसाढवळ्या, शिक्के मारून, पावत्या फाडून गेली. १९३३ मध्ये कापसाचा भाव सावरायला सरकारने पेरा कमी करण्यासाठी पैसे दिले. ते जमीनमालकांच्या हाती पडले आणि पेराच कमी झाल्यावर वाटेकऱ्यांना घराबाहेर काढलं गेलं. मतदार म्हणून नाव नोंदवणाऱ्याला हाकलणं हेही सर्रास चाले. टेनेसीतल्या फेएट काउंटीत १९६० मध्ये अशी कुटुंबं तंबूंत राहिली. दुकानदारांनी त्यांना माल विकणंही बंद केलं होतं. मिसिसिपीत १९६२ मध्ये फॅनी लू हेमर मतदार-नोंदणीला जाऊन आल्या आणि त्याच रात्री त्यांना मळा सोडावा लागला. अठरा वर्षं त्या तिथे काम करत होत्या.

प्रश्न : मी जिल्हा बँकेत पीककर्ज विभागात होतो. तिथल्या सरकारी कर्जाची व्यवस्था कशी होती? अर्जावर जात-वंश बघून नाही म्हणणं कायद्यात कसं बसलं? (एक निवृत्त बँक अधिकारी)

उत्तर : हाच या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे. कायद्यात ते बसत नव्हतंच. कागदावर सगळे शेतकरी सारखे होते.

ज्याला खासगी बँक उभं करत नाही त्याला कृषी खात्याच्या कर्जयोजनेचा आधार होता. पण वॉशिंग्टनला पैसे असले तरी ते कुणाला द्यायचे हे काउंटीत ठरे. १९३० च्या दशकापासून काउंटी समित्यांची पद्धत पडली होती. स्थानिक शेतकऱ्यांतून निवडलेली माणसं आणि कचेरीतला अधिकारी मिळून कर्ज कुणाला, किती, कापसाचा किती पेरा कुणाच्या वाट्याला, हे ठरवायचे. कल्पना चांगली वाटते, गावचा कारभार गावाने करावा. दक्षिणेत मात्र या समित्या गोऱ्या शेतकऱ्यांच्याच राहिल्या. १९९९ च्या एका निकालपत्रात नोंद आहे, की देशभरातल्या ८,१४७ समिती सदस्यांपैकी कृष्णवर्णीय होते फक्त ३७. शेजारच्या शेतकऱ्याचं कर्ज नामंजूर झालं तर उद्या त्याची जमीन लिलावात निघणार, आणि घेणारा कदाचित समितीवर बसलेलाच असणार. हितसंबंध इतका उघड होता.

तुम्ही पीककर्ज हाताळलं आहे, तेव्हा वेळेचं महत्त्व तुम्हाला सांगायला नको. कापूस आणि भुईमूग तिकडे एप्रिल-मेमध्ये पेरतात. गोऱ्या शेतकऱ्याचा अर्ज पेरणीआधी निकाली निघे. काही आग्नेय राज्यांत काळ्या शेतकऱ्याच्या अर्जाला सरासरी तिप्पट वेळ लागत होता. कुणाला सांगत, फॉर्म संपले. कुणाचा अर्ज घेत आणि रक्कम कापत. पैसा हाती येईपर्यंत खताची वेळ टळून गेलेली असे. पीक अर्धं यायचं, हप्ता थकायचा आणि पुढच्या वर्षी तेच थकलेपण नकाराचं कारण व्हायचं.

मंजूर झालेलं कर्जही मोकळं मिळेलच असं नसे. काळ्या शेतकऱ्याचं खातं बऱ्याचदा देखरेखीखाली ठेवलं जाई. म्हणजे डिझेलचा किंवा बियाण्याचा प्रत्येक चेक घेऊन कचेरी गाठायची आणि साहेबांच्या दुसऱ्या सहीसाठी थांबायचं. व्हर्जिनियातले शेतकरी जॉन बॉइड अनेक वर्षं सांगत आले आहेत, की त्यांच्या काउंटीतला कर्ज अधिकारी काळ्या शेतकऱ्यांना फक्त बुधवारी भेटायचा आणि एकदा त्यांचा अर्ज त्यांच्यादेखतच कचऱ्याच्या टोपलीत टाकला गेला. १९९५ मध्ये बॉइड यांनी काळ्या शेतकऱ्यांची राष्ट्रीय संघटना काढली.

तक्रार करायची सोय होती. पण १९८३ मध्ये रेगन सरकारच्या काळात कृषी खात्याची नागरी हक्क शाखाच बंद झाली. तक्रारी येत राहिल्या, चौकशी कुणी करेना. शेतकरी मात्र उत्तराची वाट पाहत राहिले. दरम्यान दावा लावण्याची दोन वर्षांची मुदत टळून जात होती. दक्षिणेतले काळे शेतकरी कृषी खात्याला 'शेवटचा मळा' म्हणत. मळा म्हणजे गुलामांच्या काळातला.

प्रश्न : मी तलाठी म्हणून निवृत्त झालो. माझा प्रश्न साधा आहे. जमिनीला उतारा होता की नव्हता? वारसनोंदी व्हायच्या का? (एक ज्येष्ठ सभासद)

उत्तर : तुमचा प्रश्न अगदी मर्मावर आहे. कर्जाखालोखाल जमीन गेली ती याच वाटेने.

अमेरिकेत आपल्यासारखा सातबारा नाही. जमिनीचे दस्त काउंटीच्या कोर्टकचेरीत नोंदवतात. मालक वारला की मृत्युपत्र किंवा वारसाचा दाखला कोर्टात सिद्ध करून घ्यावा लागतो. काळ्या शेतकऱ्याला ही कचेरी परकी होती. कारकून गोरे, वकील गोरे, आणि कागद दाखवायला गेलो तर तेच आपल्यावर उलटतील ही धास्ती. कित्येकांनी मृत्युपत्रच केलं नाही. जमीन मुलाबाळांची, ती मुलंच कसतील, एवढ्यावर भागवलं.

अशी जमीन सगळ्या वारसांकडे अविभक्त जाते. आजोबांनी १९०० च्या सुमारास घेतलेल्या ऐंशी एकरांना चौथ्या पिढीत साठ-सत्तर हिस्सेदार होतात. निम्मे शिकागोत, डेट्रॉइटमध्ये. कितीकांनी ती जमीन पाहिलेलीही नसते. कायद्याने प्रत्येक हिस्सेदाराला वाटप मागता येतं. समुद्रकाठच्या जमिनीवर डोळा असलेला बिल्डर त्यातल्या एका दूरच्या चुलतभावाला गाठतो, थोडक्यात त्याचा हिस्सा घेतो आणि वाटपाचा दावा लावतो. सत्तर जणांत जमीन वाटता येत नाही म्हणून कोर्ट ती पूर्ण विकायचा हुकूम देतं. कोर्टाच्या पायऱ्यांवर लिलाव होतो. रोख रक्कम बिल्डरकडेच असते, आणि बोली बाजारभावाच्या पासंगालाही पुरत नाही. तिथे राहून वर्षानुवर्षं कर भरणारं कुटुंब हातात चिल्लर घेऊन बाहेर पडतं. साउथ कॅरोलायनाचं हिल्टन हेड बेट १९५६ मध्ये पुलाने जोडलं गेलं. मग रिसॉर्ट आणि गोल्फची मैदानं आली, कर वाढले, आणि गल्ला या तिथल्या कृष्णवर्णीय समाजाच्या हातातली जमीन अशा लिलावांत आणि करबाकीच्या विक्रीत निघत गेली.

दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या जमिनीपैकी तिसरा हिस्सा आजही अशा अविभक्त अवस्थेत असावा, असा अंदाज दिला जातो. नावावर स्वच्छ मालकी नाही म्हणून शेतीकर्ज नाही, वादळानंतरची मदत नाही. थॉमस मिचेल या कायद्याच्या प्राध्यापकाने यावर वर्षानुवर्षं काम केलं आणि २०१० मध्ये एक आदर्श कायदा तयार झाला. आता सगळ्या हिस्सेदारांना नोटीस द्यायची, जमिनीचं मूल्यांकन करायचं, विक्री मागणाऱ्याचा हिस्सा विकत घ्यायची पहिली संधी घरच्यांना द्यायची आणि विकायचीच वेळ आली तर खुल्या बाजारात विकायची. वीसहून अधिक राज्यांनी तो स्वीकारला आहे. तुम्हाला माहीत असेल, आपल्या १८९३ च्या वाटप कायद्यात राहत्या घरापुरती अशी तरतूद इंग्रजांच्या काळापासून आहे. परक्याने हिस्सा घेऊन दावा लावला, तर मूल्यांकन करून तो हिस्सा घरच्या माणसाला विकत घेता येतो.

प्रश्न : सिनेमातले काउबॉय तर सगळे गोरे. गुरं पाळणारे काळे लोक होते का? (एक चित्रपटप्रेमी)

उत्तर : भरपूर होते. यादवी युद्धानंतर टेक्सासहून उत्तरेकडे गुरांचे कळप हाकणाऱ्यांत साधारण चारांतला एक कृष्णवर्णीय असावा, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. बैलाच्या शिंगांना धरून त्याला खाली लोळवायचा रोडिओतला खेळ बिल पिकेट या काळ्या काउबॉयने लोकप्रिय केला.

ओक्लाहोमात त्यांच्या हाती जमीनही आली होती, पण वेगळ्या वाटेने. तिथल्या मूळनिवासी जमातींनीही गुलाम बाळगले होते. जमातींची सामाईक जमीन वाटली गेली तेव्हा क्रीक जमातीच्या मुक्त गुलामांना माणशी १६० एकर मिळाले. बोली हे काळ्यांचं गाव १९०३ मध्ये अशाच जमिनीवर वसलं. पण १९०८ च्या कायद्याने या जमिनी विकण्यावरचे निर्बंध उठवले. मुलांच्या नावावरची जमीन कोर्टाने नेमलेल्या पालकांच्या ताब्यात जाऊ लागली. त्यातच तेल लागलं. मुलं सज्ञान होईतो जमिनीचं काय उरायचं, ते पालकाच्या इमानावर अवलंबून होतं.

प्रश्न : यांनी सहकाराचा, चळवळीचा मार्ग धरला नाही का? (एक सर्वोदयी कार्यकर्ते)

उत्तर : धरला. आणि तुम्हाला ऐकून आनंद होईल, त्यातल्या एका वाटेचा उगम आपल्या विनोबांपर्यंत जातो.

१९६७ मध्ये दक्षिणेतल्या सहकारी संस्थांचा महासंघ उभा राहिला. फॅनी लू हेमर यांनी मिसिसिपीत सहकारी शेती सुरू केली आणि 'डुकरांची बँक' काढली. गरीब घराला गाभण डुकरीण द्यायची आणि तिची काही पिल्लं पुढच्या घरांसाठी परत घ्यायची.

सर्वांत मोठा प्रयोग झाला १९६९ मध्ये, जॉर्जियातल्या ली काउंटीत. हाकलून दिलेल्या वाटेकऱ्यांना कुणाच्या मेहेरबानीवर राहावं लागू नये म्हणून चार्ल्स शेरॉड, शर्ली शेरॉड, स्लेटर किंग, रॉबर्ट स्वान आदींनी 'न्यू कम्युनिटीज' ही संस्था स्थापली. सुमारे ५,७०० एकर घेतले. जमीन संस्थेची, कुणा एकाच्या नावाची नाही. कुटुंबांनी ती दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने कसायची. म्हणजे एकाचं कर्ज थकलं किंवा एक वारस फुटला तरी जमीन जाणार नाही. ही रचना करताना मंडळी इस्रायलला जाऊन तिथल्या किबुत्झ वसाहती पाहून आली. स्वान यांच्यासमोर दुसरा आदर्श होता विनोबांच्या ग्रामदानाचा, जिथे जमिनीची मालकी गावाकडे सोपवली जाते. रायगडमधल्या गागोद्यात जन्मलेल्या आणि पवनारला आश्रम करून राहिलेल्या माणसाची कल्पना जॉर्जियातल्या काळ्या शेतमजुरांपर्यंत पोचली. अमेरिकेतला पहिला सामुदायिक भूविश्वस्त निधी म्हणून आज या संस्थेचं नाव घेतात.

तिथे भुईमूग, मका, द्राक्षं झाली. डुकरं पाळली. हमरस्त्याला लागून मांस धुरवायचं घर आणि भाजीचा ठेला उभा राहिला. मग सत्तरच्या दशकात ओळीने दुष्काळ पडले. आसपासच्या गोऱ्या शेतकऱ्यांना तातडीचं कर्ज मिळत होतं. शर्ली शेरॉड सांगतात, की कचेरीतल्या अधिकाऱ्याने, मी जिवंत असेपर्यंत तुम्हाला पैसे मिळणार नाहीत, असं तोंडावर सुनावलं. तीन वर्षं खेटे घातल्यावर मिळालं ते कर्ज अपुरं आणि जमिनीच्या तारणावर. १९८५ मध्ये सगळी जमीन गेली.

मालकी सामुदायिक केल्याने वारसांचा प्रश्न सुटला. कर्ज मंजूर करणारा हात मात्र तोच राहिला, आणि प्रयोग तिथेच अडकला.

प्रश्न : शेवटी न्याय मिळाला का? (सर्वांतर्फे)

उत्तर : पैसे मिळाले. जमीन क्वचितच कुणाला परत मिळाली.

नॉर्थ कॅरोलायनाचे शेतकरी टिमथी पिगफर्ड आणि इतरांनी १९९७ मध्ये कृषी खात्यावर सामूहिक दावा लावला. त्याच वर्षी खात्याच्याच समितीने भेदभावाची कबुली देणारा अहवाल दिला होता. पुढच्या वर्षी संसदेने १९८१ पासूनच्या जुन्या तक्रारींना मुदतीची अट शिथिल केली. एप्रिल १९९९ मध्ये न्यायाधीश पॉल फ्रीडमन यांनी तडजोडीला मंजुरी दिली. थोडक्या पुराव्यावर ५० हजार डॉलर आणि कर्जमाफी, किंवा सगळे पुरावे मांडून मोठी भरपाई, असे दोन पर्याय होते. सुमारे १५,६०० जणांचे दावे मान्य झाले आणि एकूण सुमारे १०० कोटी डॉलर वाटले गेले. मुदतीनंतर साठ हजारांहून अधिक अर्ज आले. त्यांच्यासाठी २०१० मध्ये आणखी १२५ कोटी डॉलरची तरतूद झाली. त्यात खोटे दावे घुसल्याचे आरोपही झाले. न्यू कम्युनिटीजला २००९ मध्ये सुमारे १ कोटी २० लाख डॉलर मिळाले. त्यातून त्यांनी जॉर्जियातल्याच ऑल्बनीजवळ १,६३८ एकर घेतले. त्या जागी एकेकाळी गुलाम राबत होते.

तडजोडीच्या सुनावणीत शेतकऱ्यांनी एक आक्षेप जोरात मांडला होता. पुढे असा भेदभाव होणार नाही, अशी हमी त्या करारात कुठे आहे? तशी ती नव्हती. न्यायाधीशांनी आक्षेप नोंदवला आणि करार मंजूर केला.

२०२१ मध्ये बायडन सरकारने कृष्णवर्णीय आणि इतर वंचित गटांच्या शेतकऱ्यांच्या कर्जमाफीसाठी सुमारे ४०० कोटी डॉलर ठेवले. वंश पाहून मदत देणं हे समानतेच्या तत्त्वाविरुद्ध आहे, असं म्हणत गोरे शेतकरी कोर्टात गेले, स्थगिती मिळाली, आणि पुढच्या वर्षी संसदेने ती योजना मागे घेतली. त्याऐवजी ज्याला ज्याला भेदभाव सोसावा लागला अशा कुठल्याही वंशाच्या शेतकऱ्यासाठी २२० कोटींची तरतूद झाली. जुलै २०२४ मध्ये ४३ हजारांहून अधिक जणांना सुमारे २०० कोटी वाटले गेले. सर्वाधिक पैसे मिसिसिपी आणि अलाबामात गेले. जुलै २०२५ मध्ये कृषी खात्याने आपल्या योजनांमधला वंश आणि लिंगावर आधारलेला 'सामाजिकदृष्ट्या वंचित' हा निकष वापरणं थांबवत असल्याचं जाहीर केलं.

ही भरपाई कशापुढे ठेवून पाहायची? अर्थतज्ज्ञांच्या एका गटाने २०२२ मध्ये हिशेब मांडला. १९२० ते १९९७ या काळात गेलेल्या जमिनीची किंमत आणि उत्पन्न धरून तोटा सुमारे ३२,६०० कोटी डॉलर निघाला. २०२२ च्या शेतकी गणनेत कृष्णवर्णीय शेती करणारे सुमारे ४६,७०० आहेत, म्हणजे शंभरात दीडही नाहीत. हा आकडा १९९७ पेक्षा मोठा दिसतो, कारण आता एका शेतावरच्या अनेकांची नोंद घेतात.

तुमच्या कट्ट्याला एवढंच सुचवावंसं वाटतं. कुठलीही शेतीयोजना आली, की आपण आधी रक्कम वाचतो. त्याआधी दोन गोष्टी वाचाव्यात. अर्जावर शेवटची सही कोण करणार, आणि त्याने नाही म्हटलं तर पेरणीच्या आत दाद कुठे मागायची. अमेरिकेतल्या काळ्या शेतकऱ्यांसाठी योजना होत्या, पैसा होता, कायदाही होता. या दोन प्रश्नांची उत्तरं मात्र त्यांच्या विरोधात होती.